पवनीची करवती साडी

आसगाव
१४ नोव्हेंबर

प्रिय डोमा,

माझं अक्षर ओळखून पत्र फाडू नको बापा, आधी वाच. तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहे असं गुड्डीनं सांगितलं, म्हणून कागद घेऊन बसली. गुड्डी म्हणजे माझ्या कैलाशची पोरगी. तू पाहिली तेव्हा आठ वर्षांची होती, आता कॉलेजात जाते. अकरा वर्षं झाली तू या घरची पायरी चढला नाही. सिहोरा काही परदेशात नाही, डोमा. सकाळी बसमध्ये बसला तं दुपारच्या जेवणाले माणूस आसगावात पोहोचते.

तं बातमी अशी की मी पवनी पाहिली. हास, हास. बेचाळीस वर्षं पवनीले जात आली, पण काय पाहिलं? तहसील, मिरचीचा बाजार, अंगणवाडीची मीटिंग, अन् धावतपळत परतीची बस. मागच्या महिन्यात आम्ही नागपूरहून आलो तेव्हा गुड्डीनं विचारलं, आजी, तुले कुठं फिरायचं आहे? कैलाशले वाटलं मी काशी म्हणीन. मी म्हटलं, पवनी. घरातले सगळे हासले. तुझे भाऊजी तेवढे हासले नाही, उठून बैलाले पाणी पाजायले गेले. बैल आधीच पिऊन बसले होते.

कैलाशनं धान कापणी सोडून आम्हाले गाडीवर नेऊन सोडलं. किल्ल्याचा दरवाजा मी हजारदा पाहिला असन, पण त्याच्याखाली उभी राहून वर कधी पाहिलं नव्हतं. दर दहा पावलांवर मी टेकत होती अन् गुड्डी माझे फोटो काढत होती. मी म्हटलं, पोट्टे, इतके फोटो कायले, एक बरासा काढ म्हणजे झालं. ती रुसली अन् पुढं चालू लागली. घाटावर गेलो तं खालच्या पायऱ्या धरणाच्या पाण्यात. मी वरच्याच पायरीवर बसली. मंग टेकडीवर गेलो, जुन्या स्तूपाच्या. मी चढली नाही, खाली झाडाखाली थांबली. गुड्डीनं मोबाईलवर वाचून दाखवलं की दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी या स्तूपाले दान दिलं त्यांची नावं दगडावर कोरली होती, अन् त्यात बायांचीही नावं होती. मले तुझी अशी आठवण आली म्हणून सांगू! दोन हजार वर्षांपूर्वी बाईचं नाव दगडावर चाललं, अन् तुले तुझ्या बहिणीचं नाव सात-बाराच्या कागदावर चाललं नाही. मले शेताच्या धुऱ्याएवढी, बांधाएवढीही जमीन नको होती रे. बाबानं मले आपली म्हटलं होतं, ते कुठं तरी लिहिलेलं राहावं एवढंच वाटत होतं. तू हक्कसोडाचा कागद घेऊन आला, मी सही केली नाही, अन् तू याच अंगणात उभा राहून म्हणाला, आजपासून तुले माहेर नाही. सारा मोहल्ला ऐकत होता.

जाऊ दे. खाण्याचं सांगते. बसस्टँडजवळ आलुबोंडा घेतला, वरून तर्री, लाल भडक. गुड्डीनं दोन खाल्ले, नाक पुसत पुसत. लाखोळीच्या डाळीचे वडेही घेतले, तुले आवडतात तसे. मी बशीत ओतून चहा घेतला, तोही निववून, घोट घोट. दिवाळीपासून माझ्या घशाखाली पातळ तेवढंच उतरते. वड्याचा वास मात्र पोटभर घेतला. नागपूरच्या डॉक्टरनं कैलाशले बाहेर नेऊन सांगितलं. मी आत खुर्चीवर बसून काचेतून त्याची पाठ पाहत होती. पाठ पाहूनच मले समजलं. घरी कोणी बोलत नाही, मीही विचारत नाही. मले मरायचं भेव वाटते डोमा, खोटं कायले सांगू? पण त्याहून जास्त भेव दुसऱ्याच गोष्टीचं वाटते.

तुले माय गेली तो दिवस आठवते का? तू बारा वर्षांचा होता. सकाळीच सगळी तयारी झाली होती, पण कारध्याचा मामा आला नव्हता. दुपार टळली तरी कोणी तिरडीले हात लावला नाही, कारण बाईले शेवटची साडी माहेरची लागते. मामा बसमधून उतरून धावतच आला, काखेत हिरवी करवती साडी. ती मायच्या अंगावर घातली तेव्हा तू मले विचारलं, बाई, जाळायचीच आहे तं नवी काहून आणली? मी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. उत्तर मले तेव्हा येत नव्हतं. आता येते. चार लोकांनी पाहिलं पाहिजे की हिच्या मागं कोणी होतं.

म्हणून मी पवनीले गेली. आतल्या मोहल्ल्यात पुंडलिकराव कोष्टी आहेत, अजून घरीच मागावर विणतात. करवतीचा दातेरी काठ आडवं सूत फिरवणाऱ्या तीन धोट्यांनी कसा निघतो ते त्यांनी गुड्डीले बसवून दाखवलं. मी हिरवी निवडली, कोशाच्या रेशमाची, मायसारखीच. त्यांनी विचारलं, फॉल-पिको करू का? मी सरळ म्हणून गेली, हिले फॉल कायले लागते? गुड्डीनं माझ्याकडे पाहिलं, अन् तिथंच मागापाशी रडू लागली. मंग डोळे पुसून तिनंच हट्टानं सांगितलं, फॉल लावा, माझी आजी नेसणार आहे.

आता पत्र कायले लिहिलं ते सांगते. ती साडी मी घरी आणली नाही. सासरच्या पेटीत राहिलेली साडी माहेरची कशी होणार? पुंडलिकरावाकडेच ठेवली आहे. साडीच्या डब्यावर मी माझ्या हातानं लिहिलं, डोमा, सिहोरा. तू ये, पवनीले उतर, डबा काखेत घे, अन् दिवसाढवळ्या, मोहल्ल्यासमोरून आमच्या अंगणात ये. कोणी विचारलं तं सांग, बहिणीले साडी आणली. हक्कसोडाचा कागद आणणार असशील तं तसाच परत जा. सही मी मरतानाही करणार नाही, तुले माहीत आहे मी कशी आहे ते. तू लवकर आला तं मी उभी राहून नेसून दाखवीन, अजून पायांत तेवढा जोर आहे. उशीर झाला तं बाया तशीच अंगावर घालतील, तू दारात उभा राहा म्हणजे झालं. पण लवकर ये, डोमा. फॉल लावून तयार आहे.

तुझीच, धपाटा घालणारी,
तुळसाबाई