औंदा बाळंतिणी दोन

अहो,
ठरल्यापरमाणं दवाखान्यात गेले व्हते, पण पोट न पाडताच माघारी आले.

आपली मुक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार अन् तिच्या आईलाच दिवस गेलेले, लोक तोंडात शेण घालतील, याच धास्तीनं आपण ते ठरवलं व्हतं. तिथं बाकड्यावर बसल्या बसल्या मी मुक्तालाच फोन लावला. सगळं सांगितलं. तर ती अशी हसली, की मलाबी हसू आवरंना. म्हणली, "आई, मामा निघू दे नायतर मावशी, माझ्या लेकरासंगं एकाच पाळण्यात झोपवू."

मी फुलंब्रीला जाऊबाईकडून पाळणा आणायला चालले. भाकरी दुरडीत झाकून ठेवलीय.

अन् डिंकाचे लाडू वळायला शिकून घ्या. औंदा खाणाऱ्या दोघी, करणारे तुम्ही एकटेच.

कौशल्या