झेंडूची वाट

२६ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! यतीनच्या कंपनीनं त्याला अमेरिकेतल्या ट्रॉयहून मेक्सिकोतल्या प्लँटवर पाठवलं आणि आम्ही मायलेकी शेपटासारख्या मागोमाग. नदीकाठचं टुमदार गाव. चर्च स्पॅनिश लोकांनी बांधलेलं, पण पायाचे दगड त्याहून जुन्या देवळाचे. त्यांवरच्या कोरीव तोंडांना आमची चार वर्षांची अंतरा जीभ दाखवून आली. घरमालकीण समोरच राहतात. बरीच वर्षं शिकागोत काढल्यामुळे त्यांचं इंग्रजी फर्डं. मी त्यांना रेमेडिओसकाकू करून टाकलं.

३१ ऑक्टोबर
आज लक्ष्मीपूजन. बाजारात झेंडूचे ढीगच्या ढीग! ट्रॉयमध्ये प्लास्टिकची तोरणं लावणारी मी, हावरटासारख्या टोपल्या भरून आणल्या. नदीकडच्या फाटकापासून देव्हाऱ्यापर्यंत पाकळ्यांची वाट घातली, लक्ष्मीला यायला. यतीन मीटिंगसाठी ट्रॉयला गेलाय. व्हिडिओवर म्हणाला, एवढी हौस तर ट्रॉयमध्ये कधी दिसली नाही. दिसणार कशी? इथे फुलं तरी खरी आहेत.

१ नोव्हेंबर
शिळी फुलं घरात नकोत ही आईची शिस्त. सकाळीच सगळ्या पाकळ्या झाडल्या आणि निर्माल्य नदीत सोडलं. काकू पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, इथे झेंडूची वाट मेलेल्यांना घरी आणते. काल मेलेल्या लेकरांची रात्र होती. आज दुपारी ती त्याच वाटेनं परततात. ह्या नदीच्या पुरात बुडालेली कितीतरी, त्यांना घरच उरलेलं नाही. तू त्यांना आत घेतलंस आणि वाट पुसलीस.
मी हसले. हसायला नको होतं.
अंतरा देव्हाऱ्यापाशीच बसून आहे. म्हणते, मम्मा, दे आर हंग्री.

२ नोव्हेंबर
चकल्यांचा डबा रिकामा. फरशीवर ओली पावलं, लहान लहान. अंतराचे केस ओले, आणि मी आंघोळ घातलेलीच नाही. यतीन फोनवर म्हणतो, दमलीयस यार, फ्लाइट बघतो. मला भीती वाटते, स्पष्ट लिहिते. माझं लेकरू त्यांना हवंय.
काकू म्हणतात, वाट पुन्हा घाल. बाहेर जाणारी. आजच.

संध्याकाळ
घातली. नदीपर्यंत. वारा नव्हता, तरी पाकळ्या हलल्या — मग घर हलकं झालं. गेली सगळी.
अंतराला हाक मारली —
अंथरूण ओलं. दार उघडं. पाकळ्यांवर तिची पावलं, बाहेर जाणारी —
मी नदीवर निघाले. यतीन, तू आलास की ह्या पाकळ्या झाडू नकोस, कुणाला झाडू देऊ नकोस, तिला घरी यायला हीच —