हेमाच्या अंगावरील कातडीविषयी

प्रति,
मा. मुख्य सर्जन साहेब,
धर्मार्थ रुग्णालय, ठाणे.

अर्जदार : सौ. प्रमोदिनी त्र्यंबक खांबेटे, राहणार डोंबिवली.

विषय : जळीत रुग्ण सौ. शुभदा हिच्या अंगावर माझी कातडी दुसऱ्यांदा लावण्याबाबत.

संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यावरील आपला शेरा, 'निरुपयोगी, सबब नामंजूर.'

महोदय,

सविनय सादर करते की,

१. सदरहू रुग्ण माझी मुलगी. गेल्या वैशाखात लग्न होऊन ती कल्याणास सासरी गेली. तिथे तिचे नाव शुभदा ठेवले, व खाटेच्या पाटीवर तेच आहे. परंतु ग्लानीत असली की शुभदा म्हटल्यास ती डोळे उघडत नाही, हेमा म्हटल्यास उघडते. म्हणून ह्या अर्जात मी हेमा लिहिते, त्याची क्षमा असावी. स्टोव्हचा भडका उडून तिची पाठ, छाती व दोन्ही दंड भाजले. ह्यात माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. विहीणबाईंनी स्वतःचे हात पोळून घेऊन तिच्यावर घोंगडी टाकली, नाहीतर ती आपल्यापर्यंत पोचलीच नसती.

२. आपले हाताखालचे डॉक्टर फार समजूतदार आहेत. मी विचारले, हिला सारखी तहान का लागते, तर ते खाटेशी बसून सांगू लागले. म्हणाले, बाई, माणसाचे अंग म्हणजे बारीक बारीक पेशींची वीण. मांसाची वीण अंग हलवते, नसांची दुखणे पोचवते, एक नुसतीच सगळ्यांना धरून ठेवते. आणि कातडी म्हणजे राखणदार. आतले पाणी आत ठेवायचे, बाहेरचे विष बाहेर. हिचा राखणदारच गेला, म्हणून घोट घोट पाजलेले पाणी अंगातून पाझरून जाते. साहेब, मी ह्या पोरीला कधी पाण्यावाचून ठेवले नाही. आता पाजते आणि चादर भिजते.

३. तिची स्वतःची चांगली कातडी पुरेशी उरली नाही, म्हणून आपण माझ्या मांडीची घेतली. ती बसली. रंग गुलाबी धरला. गंगुबाई आया म्हणाली, "आई, तुमचं ठिगळ झकास लागलंय हो, आता उठून भांडायला लागेल बघा." त्या दिवसांत हेमा कण्हायची थांबली, कुशीवर झोपली, आणि एका दुपारी मला म्हणाली, "आई, ताकभात आण गं, आणि मिरची तळलेली." मी आणला. तिने चार घास खाल्ले.

४. पुढे कडा काळ्या पडल्या आणि माझी कातडी तिच्या अंगावरून सुटून आली. डॉक्टरांनी सांगितले की ह्यात कोणाची चूक नाही. प्रत्येक अंगाची वीण आपले आणि परके ओळखते, व परके आले की झाडून टाकते. मी म्हटले, अहो, नऊ महिने ही माझ्या आत होती, तेव्हा माझ्या अंगाने हिला परकी म्हटले नाही. ते म्हणाले, "ते कसं होतं हे आम्हांलाही अजून नीट ठाऊक नाही."

५. त्यावरून मी मागील अर्ज केला होता. मला वाटले, परके म्हणजे काय ते आपल्याकडे ठरलेलेच आहे. कन्यादान झाले, पाणी सोडले, गोत्र बदलले. मुलगी अंगाने त्यांची झाली, तर त्यांचीच कातडी तिला लागेल, माझी कशी लागावी. म्हणून जावई आनंदराव यांस कातडी देण्याचा हुकूम व्हावा अशी मी मागणी केली, व ते न जमल्यास माझीच पुन्हा लावून बघावी असेही लिहिले. विहीणबाई पट्ट्या बांधलेले हात पुढे करून मला म्हणाल्या, "ह्यातलं उरलंय ते सोलून न्या. माझ्या मुलाला मात्र हात लावू नका." मला त्यांचा राग आला नाही. आईच त्या. उपाध्यायांना मी हेही विचारले की दिलेले दान मागे घेता येते का, म्हणजे माझी पुन्हा लावून बघता येईल. ते म्हणाले, "वहिनी, सोडलेलं पाणी ओंजळीत परत येत नाही."

६. आपण समक्ष बोलावून समजावले की अंगाच्या विणीला गोत्र कळत नाही. सासरची, माहेरची, कोणाचीच लागणार नाही. माझी तर दुसऱ्या खेपेस अधिकच लवकर झडेल, कारण तिचे अंग पहिलीची आठवण ठेवून आहे. हे मला पूर्ण समजले आहे. जावयांविषयीची मागणी मी मागे घेते.

७. आता विनंती एवढीच की, आपल्या शेऱ्यातील 'निरुपयोगी' ह्या शब्दाचा फेरविचार व्हावा. माझी कातडी तिच्या अंगावर होती तोवर पाणी आत राहिले. पट्टी बदलताना ती ओरडली नाही. ती झोपली. डॉक्टरांना मी खोदून विचारले, ही वाचेल का. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. तेव्हा कातडी कायमची लागावी म्हणून मी मागत नाही. ती झडेपर्यंत पोरीच्या अंगावर पांघरूण राहावे म्हणून मागते. माझी एक मांडी अजून ओली आहे असे आपले म्हणणे आहे, ते खरे आहे. दुसरी चांगली आहे. पाठही आहे. तिचे अंग मला परकी म्हणो, तो त्याचा धर्म. झाडून टाकीपर्यंत मला तिथे राहू द्यावे.

निर्णय आज व्हावा. उद्यापर्यंत तिला हाक ऐकू येईल की नाही, हे मला सांगता येत नाही.

आपल्या दाराशी बसून उत्तराची वाट पाहणारी,
सौ. प्रमोदिनी त्र्यंबक खांबेटे
ठाणे, ता. १२ डिसेंबर १९५५

सोबत :
(१) यजमानांची लेखी संमती.
(२) अर्जदार स्वतः, वॉर्डाबाहेरील बाकावर. रात्रीपासून काही खाल्लेले नाही, त्यामुळे भूल देण्यास हरकत नसावी.