गुलशन बँडची कॅसेट आणि माझी इतर मिळकत

मी, श्रीमती सारजाबाई दशरथ खरमाळे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा ध्वनिमुद्रण, राहणार जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान तर डोक्यापेक्षाही चांगले आहेत, पण त्याचा दाखला कोणी देत नाही. कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याने मी हे करत नाही. वकीलसाहेबांनी मसुदा टाइप करून दिला होता, तो दीड पानात संपत होता. मी म्हटले, दीड पानात माझे घर बसेल, मी बसणार नाही. म्हणून हा कागद माझ्या हातचा आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, त्यातील भांडी, माझी बोरमाळ आणि बँकेत जे काही निघेल ते माझी एकुलती एक मुलगी हर्षाली हिला द्यावे. ती चाकणला सुखात आहे. घर विकायचे झाल्यास तिने खुशाल विकावे, रडत बसू नये. फक्त परसातले सीताफळाचे झाड शेजाऱ्यांनी तोडू म्हटले तर तोडू देऊ नये. त्यांना पानांचा कचरा होतो आणि फळांचा होत नाही, हे मी वीस वर्षे पाहते आहे.

कलम २. माझे पती कै. दशरथ लाउडस्पीकर भाड्याने देत. त्यांचे दोन कर्णे आणि जुना अँप्लिफायर माझ्या माहेरी घाटघरच्या शाळेला द्यावा. अट एकच. झेंडावंदनाला मुलांची गाणी आधी लावावीत, पाहुण्यांची भाषणे नंतर. पावसात भिजत भाषण ऐकलेली मुलगी ही अट घालते आहे.

कलम ३. बाजारामागच्या गल्लीतील माझी दहा बाय बाराची खोली, म्हणजेच 'दशरथ रेकॉर्डिंग', त्यातील चार ट्रॅकचे मशीन, तीन माइक, हेडफोन, संगणक, भिंतीवरच्या वाकळा आणि अंड्यांचे ट्रे यांसह, रुक्साना इब्राहिम कागदी हिला द्यावी. हर्षालीला मी फोनवर विचारले. ती म्हणाली, "आई, मला त्या खोलीत घाम येतो." तेव्हा तिची हरकत नाही.

ही खोली माझ्याकडे कशी आली ते लिहिणे भाग आहे. १९९१ साली माझे पती हृदयविकाराने गेले. ते मशीन त्यांनी मुंबईहून आणून आठच महिने झाले होते. चौदाव्या दिवशी माझे दीर गिऱ्हाईक घेऊन आले. "वहिनी, तुमाला त्यातलं काय कळतंय? इकून टाकू." मी किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाले, "भाऊजी, मला कळेपर्यंत थांबा." मग दुपार दुपार एकटी बसून एकेक बटण फिरवत गेले. कोणते बटण कुठे ठेवायचे तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला. हर्षालीची लाल बाटली त्यातच संपली. तीन महिन्यांनी डिंभ्याचे भजनी मंडळ आले. त्यांची कॅसेट ऐकून दीर म्हणाले, "मशीन चांगलं दिसतंय." माझे नाव काही त्यांनी घेतले नाही. ते आता नाहीत, आणि मी ते विसरलेही नाही.

माझा खरा धंदा चालला तो बँडवाल्यांवर. तेव्हा लग्नाची सुपारी घ्यायची तर नमुन्याची कॅसेट लागे. वधूपिता टेपवर ऐकणार, मान हलवणार, मग तारीख ठरणार. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातला बहुतेक प्रत्येक बँड माझ्या खोलीत घामाघूम झालेला आहे, कारण पंख्याचा आवाज येतो म्हणून मी पंखा बंद ठेवत असे. मोठा ढोल आत मावत नसे. तो गल्लीत उभा राही आणि दार चार बोटे उघडे ठेवावे लागे. त्यामुळे माझ्या काही कॅसेटींत कोथिंबीरवालीही आहे.

कलम ४. मूळ टेपा ज्याच्या त्याला द्याव्यात. टेपांच्या पेटीत यादी आहे. जे बँड मोडले त्यांच्या टेपा रुक्सानाने सांभाळाव्यात. एक टेप मात्र या कलमात बसत नाही, तिच्यासाठी पुढचे कलम.

कलम ५. हे कलम म्हणजे माझा कबुलीजबाब आहे.

जुन्नरात इब्राहिम बाबूलाल कागदी यांचा गुलशन ब्रास बँड होता. गुलशन म्हणजे त्यांची पत्नी. बायकोच्या नावाने बँड काढणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. इब्राहिमभाई क्लॅरिनेट वाजवत. १९९६ च्या चैत्रात त्यांनी माझ्याकडे सहा चाली ध्वनिमुद्रित केल्या. दुसऱ्या चालीत ते एके ठिकाणी थांबतात, लांब श्वास घेतात आणि मग जिथून कोणी उचलणार नाही अशा सुरावरून उचलतात. त्या दिवशी मी बटणावर बोट ठेवायला विसरले होते. नशिबाने मशीन आधीच चालू होते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माझा पुतण्या भरत आला. राहणार खोडद, कलम ३ मधल्या दिरांचा मुलगा. त्याने 'खरमाळे बंधू बँड पथक' काढले होते. बंधू कुठले? हा एकुलता एक. आधी गणवेश घेतले, मग वाद्ये, शेवटी वाजवणारे. तीन दुपारी मी त्यांना बसवले. अकरा माणसे आणि अकरा सूर.

मी म्हटले, "भरत, अजून सहा महिने शिका."

"काकू, डिंभ्याची लग्नाची पार्टी शुक्रवारी कॅसेट ऐकाया येणार हाय. मी शब्द देऊन बसलोय. आमची आब्रू राखा."

मी त्याची अब्रू राखली. इब्राहिमभाईंच्या टेपवरून कॅसेट काढली आणि तिच्यावर 'खरमाळे बंधू'चे लेबल चिकटवले. डिंभेकरांनी ऐकली आणि जागेवर सुपारी दिली.

लग्नाच्या दिवशी डिंभेकरांनी सकाळपासून मांडवात तीच कॅसेट लावली. भरतचा बँड उशिराच्या एसटीने पोहोचला आणि वाजवू लागला. तीन गाणी झाली. मग नवरीचे मामा पुढे येऊन नम्रपणे म्हणाले, "पावणं, सूर लावून झाला असंल तर आता वाजवाया घ्या."

त्यांची तीन गाणी वाजवून झाली आहेत हे कळल्यावर मामांची नम्रता संपली. त्यांनी ढोल ओलीस ठेवला. वरात निघाली ती जीपच्या मागे, जीपवर कर्णा आणि कर्ण्यातून कॅसेट. भरत आणि त्याची अकरा माणसे लाल गणवेशात मागून मुकाट चालली. हे मी आजवर शंभर लोकांना सांगितले आहे आणि दर वेळी हसले आहे. पुढचे कोणालाच सांगितलेले नाही.

इब्राहिमभाई घोडेगावचे लग्न वाजवून कुणाचा तरी निरोप द्यायला डिंभ्यात गेले होते आणि परतीच्या एसटीची वाट पाहत स्टँडवर उभे होते, हातात क्लॅरिनेटची पेटी. समोरून ती वरात गेली. दुसऱ्या दिवशी ते खोलीवर आले. तेव्हा भरत आत बसलेला होता.

ते म्हणाले, "आक्का, काल मी स्टँडवर उभा व्हतो आन् मीच माझ्या समोरनं गेलो."

मी कबूल व्हायला हवे होते. भरतने माझ्याकडे पाहिले, मी मशीनकडे पाहिले आणि म्हणाले, "इब्राहिमभाई, सगळी क्लॅरिनेटं सारखीच वाजतात."

ते भांडले असते तर बरे झाले असते. "बरं," एवढेच म्हणाले आणि गेले. बारा वर्षे ते माझ्याशी बोलले नाहीत.

भरतचा बँड त्याच पावसाळ्यात मोडला, पण कॅसेट मोडली नाही. डिंभ्याच्या वऱ्हाड्यांनी तिच्या नकला काढल्या, नकलांच्या नकला झाल्या. आजही दोन्ही तालुक्यांत कित्येक घरांत इब्राहिमभाईंचे क्लॅरिनेट खरमाळ्यांच्या नावाने वाजते.

रुक्साना ही इब्राहिमभाईंची मुलगी. ती संगणकाचा क्लास चालवायची. २००४ साली ती आपण होऊन माझ्याकडे आली, सगळ्या टेपा सीडीवर घ्यायचे काम करते म्हणाली. बापाचा अबोला आणि लेक माझ्या खोलीत! मला ती आवडली. तिचा कान चांगला आहे, हे मला नको तितके लवकर कळले. एके दिवशी गुलशनची आणि 'खरमाळे बंधू'ची कॅसेट लागोपाठ ऐकून तिने हेडफोन काढला आणि म्हणाली, "मावशी, या दोन्ही कॅसेटमध्ये अब्बा एकाच ठिकाणी श्वास घेतात."

मी म्हटले, "चहा गार होतोय."

"मी घरी सांगणार नाही. तुम्हीच सांगा," ती म्हणाली आणि चहा प्यायली. याला चार वर्षे झाली.

यंदा वैशाखात इब्राहिमभाईंचे पुढचे दात काढावे लागले. दातांशिवाय क्लॅरिनेट धरता येत नाही. रुक्सानाने मला हे सांगितले तेव्हा ती रडली नाही, मीच रडले. आता ते वाजवणार नाहीत. जे आहे ते त्या सहा चालींत आहे, आणि त्यावर मी दुसऱ्याचे नाव लावले.

तेव्हा मी लिहून देते की, 'खरमाळे बंधू' या नावाची कॅसेट ही इब्राहिम बाबूलाल कागदी यांच्या गुलशन ब्रास बँडची आहे. ती चोरी भरतने मागितली आणि मी केली. सगळी क्लॅरिनेटं सारखी वाजत नाहीत. मी खोटे बोलले.

कलम ६. कलम ५ मधील मूळ टेप मी इब्राहिमभाईंना देणार होते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नका. उगाच भांडणाला जागा होते." पण साक्षीला मला तेच हवे होते. अडचण मोठी. शेवटी मंगळवारी सकाळी पदर खोचला आणि त्यांच्या घरी गेले. गुलशनभाभींनी दार उघडले आणि काही न विचारता बसायला वेताचा मोडा पुढे केला. मी उभ्यानेच कलम ५ वाचून दाखवले. माझा आवाज चांगला नाही, पण एकही ओळ गाळली नाही.

वाचून झाल्यावर मी म्हणाले, "टेप घेता की सही करता? दोन्ही होत नाही."

इब्राहिमभाईंनी ओठ मिटून घेतले. दात गेल्यापासून त्यांना ती सवय लागली आहे. मग म्हणाले, "आक्का, टेप घरात ठिवून म्या एकटाच ऐकीन. सही क्येली तर कागद कोर्टात जाईल, चारचौघांत वाचतील. सही करतो."

तेव्हा ती टेप कलम ३ प्रमाणे रुक्सानाकडे जाईल.

कलम ७. भरतला काही नाही. त्याला दुसरा साक्षीदार केले आहे, म्हणून द्यायचा प्रश्नच नाही. द्यायचे असते तरी दिले नसते.

हे शेवटचे वकीलसाहेबांच्या टेबलाशी बसून लिहिते आहे, दोघे साक्षीदार समोर आहेत. भरत आता खोडदला दूध संकलन बघतो, पोट सुटले आहे. कलम ५ वाचताना त्याचे कान लाल झाले.

"काकू, ह्ये गावात कळंल की."

"कळावं म्हणूनच लिहिलंय."

त्याने पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. मग इब्राहिमभाईंकडे न बघता म्हणाला, "चाचा, मी तुमची कॅसेट आजबी गाडीत लावतो. सकाळी दुधाच्या फेरीला. दुसरं काय लावूशी वाटत न्हाई."

इब्राहिमभाई बारा वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा हसले, पुढचे दात नसताना, तोंडभर. म्हणाले, "मग तेवढं लेबल बदल, राव."

भरतने तिथल्या तिथे वकीलसाहेबांकडून कोरा कागद मागून घेतला आणि गुलशनचे स्पेलिंग विचारले. मी म्हटले, मराठीत लिही.

वर लिहिलेले सर्व मी वाचले आहे, मला मान्य आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आहे. माझ्यादेखत त्यांनीही केली आहे.

(सही) सारजाबाई दशरथ खरमाळे

साक्षीदार:

१. (सही) इब्राहिम बाबूलाल कागदी, क्लॅरिनेटवादक, गुलशन ब्रास बँड, जुन्नर

२. (सही) भरत नामदेव खरमाळे, दूध संकलन, खोडद. कलम ५ खरे आहे.

ठिकाण: जुन्नर
दिनांक: १७ ऑक्टोबर २००८