पाठ धुतली त्याची गोष्ट

ऑक्सफर्ड, ४ नोव्हेंबर १९३४

प्रिय आई,

मी खुशाल आहे. जेवण पोटभर मिळतं. मोटारींच्या कारखान्यात दिवसभर एका जागी उभा राहून बोल्ट आवळतो. काम हलकं आहे, तरी कोळशाच्या खाणीतल्यापेक्षा जास्त थकतो. का ते कळत नाही.

घरमालकीण मिसेस पार्ट्रिज प्रेमळ आहेत, पण चादरी काळ्या होतात म्हणून रोज टोमणा मारतात, "ग्वेलिम, पाठ धुणार आहेस, की तिथं बटाटे लावायचेत?" मी सांगितलं, पाठ धुतली की कणा दुबळा होतो, आमच्याकडे कुणीच खाणकामगार धूत नाही. त्या हसतच राहिल्या.

बाबांचा खोकला कसा आहे? अजून बसूनच झोपतात का? खाण पुन्हा उघडेल म्हणून ते माझ्या फावड्याला तेल लावून ठेवतात, असं तू लिहिलंस. ते वाचल्यावर दोन दिवस उत्तर लिहवलं नाही.

आई, काल मी पाठ धुतली. तीनदा पाणी बदललं, तेव्हा कुठे ते स्वच्छ राहिलं.

बाबांना हे सांगू नकोस. फावडं शेजारच्या एमलिनला द्या, एवढंच सांग. त्यांना समजेल.

तुम्हा दोघांच्या आठवणीत,
तुझा ग्वेलिम