बिब्याचा डाग

मूल, २१ सप्टेंबर १९९९

प्रिय खुशाल,

तुझं पत्र भेटलं. मी चालून राह्यली, कुबडीवर का होईना, हे आधी वाच अन् मग बाकीचं. नागपूरच्या डॉक्टरनं टाचेचा काळा भाग चांगला रुंद कापून काढला अन् मांडीची चामडी काढून तिथी लावली. जांघेतल्या गाठीही काढल्या. टाचेपेक्षा मांडीच जास्त जळते, सांग आता! चामडीचा कॅन्सर आहे म्हणे, मेलानोमा. आपल्याकडं लाखात एखाद्याले होते. एवढ्या मोठ्या तालुक्यात त्याले मीच सापडली!

तुझे भाऊजी मात्र बोलत नाईत. जेवाले बसतेत अन् ताटाकडं पाहत राह्यतेत. दोन वर्षांमागं धानाच्या रोवण्यात माझ्या टाचेले ठिपका दिसला, तवा काटा रुतला समजून ह्यांनीच बिबा तापवून चटका दिला होता. आपल्याकडं कोण देत नाई? बिब्याचा डाग काळाच राह्यते. म्हणून ठिपका वाढत गेला तरी आम्ही दोघंही बिब्याचाच डाग म्हणत बसलो. त्याच पायानं मी दोन रोवणे केले. फुटून रक्त आलं तवा कुठी दवाखान्यात गेलो. आता रोज एकच विचारतेत, माझ्यानं झालं का वं?

तुझे भाऊजी औषध आणाले खाली गेले तवा डॉक्टरनं मले एकटीले सांगतलं. बिब्यानं कॅन्सर झाला नाई. पण दीड वर्ष आधी आली असती तर टाचेवरच भागलं असतं. आता दोन गाठींत पोचला आहे. अशा दहा जणींतल्या पाच वर्षांनी चार-पाचच राह्यतेत. मले भेव वाटते रे, लय भेव वाटते. माझी दिव्यानी आत्ता कुठी आठवीत गेली.

रविवारी तुझे भाऊजी रिपोर्ट घेऊन गडचांदूरले तुझ्याकडं येतील. आपल्यात इंग्रजी वाचणारा तूच. गाठींचं खरं सांग, दहातल्या चार-पाच जणींचंही सांग, त्याईले पुढची तयारी करा लागेल. मग ते विचारतील, बिब्याच्या नादात उशीर केला, त्यानं झालं का? तवा कागदाकडं पाहू नको. त्याईच्याकडं पाह्य अन् नाई म्हण. तू मास्तर, कधी खोटं बोलत नाईस, हे त्याईले माहीत आहे, म्हणून तुलेच मागून राह्यली. मी गेली तर माझ्या पोरीले जेवता-बोलता बाप पाहिजे.

तुझीच,
मनकर्णाबाई