चार अवजारांचा चाकू व इतर मिळकतीबाबत

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जिला सगळे चष्मेवाली म्हणतात ती मी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे कागदोपत्री नाव वकिलांनी शिक्क्याशेजारी घातले आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरीणबाई लिहून देत आहेत. गुडघ्यांबद्दल तसे कोणी लिहून देणार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे मन वळवू शकेल असे एकच माणूस होते, ते गेले.

कलम १. दुकान व त्यामागच्या दोन खोल्या माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलीला मिळाव्यात. दीर हयात आहेत तोवर मागची खोली त्यांची. स्वयंपाकघराची खिडकी दमट हवेने फुगते. ती ओढून लावू नये, थोडी उचलून लावावी.

कलम २. काचा घासायचे यंत्र, फ्रेम तापवायचा दिवा आणि बारीक हत्यारांचा संच समोरच्या घड्याळवाल्यांना द्यावा. माझा टोकदार चिमटा त्यांनी ‘जरा देता का’ म्हणून नेला, त्यानंतर त्यांच्या मुलीचे लग्न झाले आणि नातू शाळेत जाऊ लागला. तोही त्यांना दिलाच असे समजावे, म्हणजे माझ्या दारावरून जाताना त्यांना दुसरीकडे बघावे लागणार नाही.

कलम ३. चाकू. हे कलम लांबणार आहे. वकील म्हणाले, एका ओळीत होईल. त्यांनी तो चाकू घेताना आम्हाला पाहिलेले नाही.

बेटांवरच्या दीपगृहांचे दिवे दुरुस्त करणे हे माझ्या यजमानांचे काम. हंगाम आला की बोट त्यांना घेऊन जाई आणि समुद्राच्या मर्जीने परत आणी. लग्नानंतरच्या पहिल्या फेरीआधी आम्ही चढावरच्या चाकूवाल्यांकडे गेलो. ते मागणीप्रमाणे खिशातला चाकू बांधून देत. मूठ बोटाएवढी, आत अवजारे चारच. पाचवे घातले की मूठ फुगते आणि खिसा फाटतो, असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत.

यजमानांनी भराभर सांगितले, “पातं, करवत, दाभण आणि डबा उघडायची चोच.”

मी विचारले, “बेटावर झाडं आहेत का हो?”

“नाहीत.”

“मग करवतीनं काय कापणार, वारा? त्यापेक्षा स्क्रू ड्रायव्हर घ्या.”

“अगं, तो हत्यारांच्या पेटीत आहेच.”

“आणि पेटी पाण्यात पडली तर?”

चाकूवाले एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. शेवटी करवत गेली आणि स्क्रू ड्रायव्हर आला. नवी नवरी म्हणून माझे ऐकले असावे.

त्या फेरीत उतरताना लाट आली आणि पेटी खरोखरच गेली. वर दिव्याच्या खोलीचे कुलूप गंजून बसलेले. बोट तोवर दुसऱ्या बेटाकडे निघून गेली होती आणि मासेमारीच्या होड्या परतायच्या होत्या. ह्यांनी त्या एवढ्याशा स्क्रू ड्रायव्हरने बिजागऱ्या सोडवल्या, दार उतरवून ठेवले आणि दिवा लावला. होड्या सुखरूप आल्या. परतल्यावर धक्क्यावर मी उभी होते. ‘कशी आहेस’ नाही, काही नाही. समोर येऊन म्हणाले, “स्क्रू ड्रायव्हर.” एवढेच. माझ्या आयुष्यात मला कोणी याहून गोड काही बोललेले नाही.

तेव्हापासून प्रत्येक फेरीआधी आम्ही दोघे चढ चढून जात असू. चाकूवाले खिळे काढून अवजारे बदलून देत. एका वर्षी दाढीसाठी कात्री घेतली, एका वर्षी बोटांतली कुसळे काढायला चिमटा. निवड झाली की दुसऱ्या दिवशी बोट, हे ठरलेले. म्हणून मी घोळ घालत असे. कात्रीच्या जागी चोच, चोचीच्या जागी दाभण, मग पुन्हा कात्री. ह्यांना ते कळत होते. तेही मुद्दाम एखादे अडवून धरत. संध्याकाळी बोट धक्क्याला लागून तिचा भोंगा वाजेपर्यंत आम्ही तिथल्या बाकावर बसून वाद घालत असू. मला आज कोणी विचारले, सगळ्यात जास्त कशाची आठवण येते, तर त्या बाकाची येते.

पुढे यजमानांना दम लागू लागला आणि बोट त्यांच्याविना जाऊ लागली. एका दुपारी माझे दीर त्यांना ‘हवा खायला’ म्हणून गाडीत घालून घेऊन गेले. दोघे उशिरा आले. कुठे गेला होतात विचारले तर दोघेही हात धुवायला मोरीत गेले. त्यानंतर महिनाभरात हे गेले.

माणसे येऊन-जाऊन घर रिकामे झाले तेव्हा चाकूवाले स्वतः ह्यांचा चाकू घेऊन आले. मी तो उघडला. चोच नव्हती, दाभण नव्हते. एक छोटे पाते, बरण्यांची झाकणे उचकटायला चपटी पट्टी, घरातल्या खिट्ट्यांना लागेल असा स्क्रू ड्रायव्हर आणि एक घडीचे भिंग.

चाकूवाले म्हणाले, “भावाबरोबर आले त्या दुपारी मी त्यांना म्हटलं, चष्मेवालीला भिंग कशाला? दुकानात ढिगानं असतील. तर म्हणाले, ती दुकानात आहेत. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर मी वाचून दाखवतो तिला. तेवढं आता तिला जमायला हवं.”

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मला फार राग आला. त्या चारांत प्रवासाच्या कामाचे एकही नव्हते. हे कुठेही जाणार नव्हते आणि कुठूनही येणार नव्हते, हे त्या चाकूवरून मला समजले. आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याशी वाद न घालता चारही अवजारे निवडली होती. मी असते तर पट्टीवरून भांडले असते. झाकण घट्ट बसले तर बसले, तुम्ही आहात ना उघडायला, असे म्हटले असते.

बरेच दिवस लोणच्याची बरणी तशीच बंद ठेवली. मग एकदा पट्टी घातली, झाकण सुटले, आणि ओट्याशी उभी राहून रडत रडत जेवले. दिरांशी मी सहा महिने बोलले नाही. शेवटी तेच दारात येऊन उभे राहिले. “वहिनी, दादानं सांगितलं होतं, तिला कळलं तर ती बरोबर येईल, आणि मग माझ्याच्यानं निवडणं होणार नाही.” मी म्हटले, आत या.

कलम ४. यजमानांचा बोटीवरचा जाड कोट दिरांना द्यावा. उजव्या खिशाला दोनदा ठिगळ लावलेले आहे.

कलम ५. चाकू कोणाला. पुतणीला गेल्या महिन्यात तिच्या काकांच्याच खात्यात नोकरी लागली. दिवे आता विजेचे आहेत, पण बेटे तीच. ती येऊन म्हणाली, “काकू, काकांचा चाकू न्यायचाय मला. तुमची चार काढून माझी चार घातली तर चालेल?”

मला आधी नाही म्हणायचे होते. तोंड उघडले आणि विचारले, “कोणती चार?”

“पातं, चिमटा, वायर सोलायचं आणि छोटी टॉर्च.”

“टॉर्च? हातात मोबाइल असतो की सदानकदा.”

“तो पाण्यात पडला तर?”

मला हसू आले आणि थांबेना. तिला वाटले मला ठसका लागला, पाणी आणायला धावली.

तर चाकू तिचा. चाकूवाल्यांच्या मागे त्यांची सून ते काम करते, तिला निरोप दिला आहे. पुतणी म्हणते, तुम्हीच चला, मी गाडी आणते. बुधवारी जायचे ठरले आहे. मी तिथे टॉर्चला विरोध करणार आहे आणि सहजी ऐकणार नाही. बुधवारी आम्ही दोघी जाऊन आलो, तर हे कलम पूर्ण झाले म्हणून खोडावे. तसे न झाल्यास तिने एकटीने जाऊ नये. जे तिच्याशी भांडेल आणि ज्याला तिच्या जाण्याची घाई नसेल, असे माणूस बरोबर न्यावे.

हे सर्व मी वाचून पाहिले. बारीक अक्षर भिंगाने वाचले.

सही: चष्मेवाली

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना
२. शेजारचे बेकरीवाले (त्यांनी ‘बुधवारी मीही येतो’ असे सही करताना म्हटले, ती साक्ष धरू नये)

स्थळ: दुकानाची पुढची खोली, काउंटरवर
वार: सोमवार. दिनांक वकिलांनी शिक्क्याखाली घातला आहे.